विशाखाची सावड

निहार आणि ईरा,

परवा फोनवर निहारनं आवाज खाली करून सांगितलं की तो दुसरी नोकरी शोधतो आहे, दुपारी मुलाखत होती आणि ऑफिसात त्यानं दातांच्या डॉक्टरकडे जातो असं सांगितलं. ईरा मागून म्हणाली, "आजी, या महिन्यात याचे सगळे दात पडलेत." आपण तिघंही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला विशाखा आठवली, आणि दोन दिवस झाले तरी ती मनातून हलत नाही.

तुला उपदेश करायचा नाही, निहार. उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला, उपदेशाची हौस तिथंच फिटली. पण तू ज्या पेचात आहेस त्याच पेचात सापडलेली एक बाई माझ्या घरात राहून गेली. तुम्ही तिला पाहिलंही आहे. व्हिडिओ कॉलवर माझ्यामागं अंगणातल्या तारेवर पांढरे कपडे वाळत घालणारी, ती विशाखा. तिच्याबद्दल नीट क्रमानं लिहून ठेवते. निहार अडेल तिथं ईरानं वाचून दाखवावं.

आजोबा गेल्यावर मी वाशीमजवळच्या आपल्या मालेगावच्या घराची मागची खोली भाड्यानं द्यायचं ठरवलं. खोली बघायला बरेच जण आले. कोणी नळाला पाणी कधी येतं ते विचारलं, कोणी मोटारसायकल कुठं लावायची ते. विशाखानं विचारलं, "काकू, तुमच्या कुकरची शिट्टी कवा होते?" ती प्रसूतीच्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर होती. रात्रपाळी करून आली की दिवसा झोपायची. मी म्हटलं, शिट्टी मागंपुढं करता येईल. ती म्हणाली, "नाई, तुमी शिट्टी नका बदलवू. मी झोप बदलवतो." वऱ्हाडात बायकाही येतो-जातो म्हणतात. लहानपणी सुटीत आलात की ईराला याचं फार हसू यायचं.

मग तिनं नाव सांगितलं, विशाखा तायडे, आणि आडनावापाशी ती थांबली. बौद्ध बाईला खोली शोधताना आडनावापाशी थांबावं लागतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी तिला पाण्याची वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी एक लोखंडी पेटी, एक शेगडी आणि बुद्धाची एक छोटी पितळी मूर्ती घेऊन ती राहायला आली.

उंच, काटक, ढांगा टाकत चालणारी बाई. आवाज मोठा, कारण तो प्रसूतीच्या खोलीत कमावलेला. पहिलटकरणींना ती रागवायची, पण त्या रागावण्यातच त्यांना धीर मिळायचा असं सगळे सांगत. "रडाचं असन त रड, पर श्वास सोडत रड," हे तिचं वाक्य मालेगावातल्या कितीतरी आयांना पाठ आहे. कोऱ्या चहाला ती चहा म्हणायची, आपल्या चहाला खीर. वरिष्ठांशी फोनवर बोलायची वेळ आली की उठून उभी राहायची. एकदा मी म्हटलं, "अगं, त्यांना काय दिसतंय?" तर म्हणाली, "त्याईले नाई दिसत. मले दिसते ना."

सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी ती मूर्तीपुढं बसून पंचशील म्हणायची. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. आपण सगळेच सकाळी काही ना काही म्हणतो आणि दिवसभर विसरतो. हिचं तसं नव्हतं. चौथ्या शीलाच्या बाबतीत ती अडून बसे. बाकी गप्प राहण्यात मात्र तिला काही वावगं वाटत नसे. "तोंड बंद ठेवनं येगळं, काकू. आपन घराले कुलूप लावतो, म्हनून काई घर चोरीचं होत नाई."

खोटं न बोलणं हा तिचा गुण तिला सगळ्यात महाग पडला तो तिच्या मुलीच्या बाबतीत. मैत्री तेव्हा तिसरीत होती आणि मेडशीला विशाखाच्या मावशीकडे राहायची. विशाखाची आई लवकर गेली. या कौसल्यामावशीनंच आधी विशाखाला वाढवलं आणि आता तिच्या मुलीला वाढवत होती. नवऱ्याबद्दल विशाखा एवढंच बोलायची, "तो त्याच्या रस्त्यानं गेला, मी माह्या." दवाखान्यात दिवसपाळी आणि रात्रपाळी आलटून पालटून. रात्री मुलीला एकटं ठेवायचं कुठं? मी एकदा सुचवलं, मैत्रीला इथं आण, तुझी रात्रपाळी असेल तेव्हा माझ्याजवळ झोपेल. विशाखानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी संभाळसान, मले मालूम हाये. पर दुसऱ्यापाशीच झोपवाचं असन, त मावशीपाशी काय वाईट हाये? तिले माह्यापाशी झोपाचं हाये, काकू."

सुटीच्या दिवशी ती मेडशीला जायची. परतीच्या वेळी मैत्री थांब्यापर्यंत सोडायला यायची आणि एसटी दिसली की विचारायची, "आई, मले कवा नेशीन?" दुसरी कोणतीही आई म्हणाली असती, पुढच्या महिन्यात. विशाखाला ते म्हणता येत नसे. ती म्हणायची, "पाहू." आणि त्या एका शब्दानं ती आठवडाभर कष्टी असायची.

म्हणून तिला दुसरी नोकरी हवी होती. पगार दोन पैसे जास्त मिळाला तर हवाच होता, पण तिच्या अटी दोनच: फक्त दिवसाची पाळी, आणि राहायला क्वार्टर. अशी नोकरी वाशीमला किंवा अकोल्याला. मुलाखती नेहमी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. आणि हातातली नोकरी तोवर सुटता कामा नये.

तुमच्याकडे दात दुखतात, आमच्याकडे माणसं मरतात. सुटी हवी की कोणाचा तरी चुलता, आतेसासू, साडू वारायचा. आमच्या कॉलेजात एका शिपायाच्या तीन आज्या वारल्या आणि आम्ही तिन्ही वेळा गंभीर चेहरे केले. विशाखाला हा रस्ता बंद. दवाखाना ज्यांचा, त्या डॉक्टर मॅडमना खरं सांगावं तर त्या दुसरी सिस्टर बघायला लागणार. मग तिनं तिसरा रस्ता काढला.

लहानपणी तिनं मावशीच्या मागून शेतात सावड पाहिली होती. आज चार घरच्या बाया तुझ्या वावरात निंदायला येतात, उद्या तू त्यांच्या वावरात जायचं. पैसे द्यायचे नाहीत, दिवसाला दिवस द्यायचा. विशाखानं ही सावड दवाखान्यात आणली. दिवाळीत ज्योतीला माहेरी जायचं होतं, विशाखानं तिची ड्यूटी केली. ही ज्योती म्हणजे तिच्याबरोबरची सिस्टर, बोलघेवडी, मनानं सोनं, आणि विचार करायच्या आधी बोलून मोकळी होणारी. आणखी कोणाच्या मुलाचा ताप, कोणाच्या घरची पूजा, सगळ्यांच्या ड्यूट्या विशाखा करत राहिली. बदल्यात तिला हवा तो दिवस मिळे. आणि तिनं एक नियम घातला: सावड मागणाऱ्याला कारण विचारायचं नाही. शेतातही कोणी विचारत नाही, म्हणाली, की तुह्या वावरात गवत काहून वाढलं.

कारण विचारायचंच नाही म्हटल्यावर खोटं बोलायची वेळच येत नव्हती.

एक अडचण उरली, फोनची. ड्यूटीवर मोबाईल कपाटात ठेवावा लागे, आणि मुलाखतीचे फोन नेमके तेव्हाच यायचे. तिनं मला विचारून अर्जावर माझा नंबर दिला. मग माझी नेमणूक झाली. मोठ्या रुग्णालयातल्या मुली चटपटीत इंग्रजीत बोलत आणि मीही हौसेनं इंग्रजीत उत्तर देई. एकीनं मला विचारलं, आपण त्यांच्या सेक्रेटरी का? मी म्हटलं, घरमालकीण. तिनं ते तसंच लिहून घेतलं. विशाखाची मला सक्त ताकीद होती: "ड्यूटीवर हाये म्हना. कोन्या ड्यूटीवर म्हनून इचारलं, त जे हाये ते सांगजा."

मुलाखतीची तयारीही मीच घेतली. मी गंभीरपणे म्हणाले, टेल मी अबाउट युवरसेल्फ. तिनं अर्थ विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, "मंग अर्ज काहून घेतला? वाचला नाई का त्याईनं?" मी तिला सांगितलं की हे सगळीकडे विचारतात आणि याचं उत्तर द्यावंच लागतं. ती उभी राहिली, पदर नीट केला आणि स्वतःबद्दल सांगू लागली. पाचव्या वाक्यात ती मैत्रीवर आली आणि पुढं मैत्रीवरच राहिली. मी काही दुरुस्त केलं नाही.

पहिली मुलाखत वाशीमला झाली. त्यांना ती आवडली. म्हणाले, सोमवारपासून या. विशाखा म्हणाली, दवाखान्यात माझ्या जागी माणूस मिळेपर्यंत मला महिनाभर सोडता येणार नाही. ते म्हणाले, मग राहू द्या. त्या संध्याकाळी ती ओट्यावर बसून वालाच्या शेंगा निवडत होती. मी म्हटलं, विशाखा, थोडं कमी-जास्त बोलायला हवं होतंस. ती म्हणाली, "काकू, उभ्या पिकातून मजूर उठून गेला, त दुसऱ्या सालले त्याले कोन बोलावते?" शेंगा मात्र त्या दिवशी तिनं चुकीच्या भांड्यात टाकल्या, टरफलं आत आणि दाणे बाहेर.

नंतर अकोल्याच्या एका धर्मादाय रुग्णालयाचं बोलावणं आलं. लसीकरण विभाग, दिवसाची पाळी, आवारातच क्वार्टर. जणू तिला विचारून काढलेली जागा. तिनं ज्योतीची सावड मागितली, सकाळची हिची ड्यूटी ज्योतीनं करायची आणि दुपारी ज्योतीची हिनं, आणि सकाळच्या एसटीनं निघाली. मालेगावच्या स्टँडवर इस्त्रीची साडी नेसून उभं राहिलं की ओळखीचं माणूस विचारणारच, कुठं निघालात? विशाखा सांगायची, "अकोल्याले." कशाला? "काम हाये." दोन्ही खरं. अकोल्याची गाडी मेडशीवरून जाते. स्वतःच्या गावाचा थांबा, स्वतःची मुलगी त्या गावातल्या शाळेत, आणि उतरायचं नाही.

अकोल्याला सकाळची मुलाखत दुपारवर गेली, दुपारची संध्याकाळवर. बोलावणारे कोणत्याशा बैठकीत अडकले होते. विशाखाची दुपारची ड्यूटी सुरू व्हायची वेळ झाली तरी ती आली नाही. फोन तिनं मुलाखतीसाठी बंद करून ठेवलेला. ज्योती तिच्या जागी उभी राहिली. दुपारच्या फेरीला डॉक्टर मॅडमनी विचारलं, विशाखा कुठं आहे? डॉक्टर मॅडम काही सावडीत नव्हत्या, त्यांनी कारण विचारलं यात त्यांची चूक नाही. ज्योती घाबरली आणि आपल्याकडची रूढ चाल खेळली. म्हणाली, "तिची मेडशीची मावशी वारली, मॅडम."

यापुढचं सगळं मला ज्योतीनंच सांगितलं, कधी हसत, कधी रडत.

डॉक्टर मॅडमचा चेहरा एकदम उतरला. तुम्हाला सांगायचं राहिलं, त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांचे वडील नागपूरला आजारी होते, आणि तिथंच गेले. ते सगळे दिवस मॅडम तिकडे होत्या आणि विशाखा दवाखान्यातच राहिली होती. सगळे डॉक्टर मॅडमकडे बसायला जाऊन आले. विशाखा गेली नाही, कारण ती वॉर्ड सांभाळत होती. हे मॅडमच्या मनात राहिलेलं असावं. त्या म्हणाल्या, माझ्या वेळेला तिनं दवाखाना सोडला नाही, मौतीला आपण पोचलंच पाहिजे. वॉर्डात एकच पेशंट होती. धाकट्या डॉक्टरांना तिथं बसवलं, गाडी काढली, दवाखान्यातल्या आयाबाईंना आणि ज्योतीला घेतलं, वाटेत मोठा पांढरा हार घेतला. ज्योती मागच्या सीटवर तो हार मांडीवर घेऊन बसली आणि मेडशी येईपर्यंत गाडी पंक्चर व्हावी म्हणून विनवण्या करत राहिली. दोनदा तिनं तोंड उघडलं. दोन्ही वेळा मॅडम वडिलांबद्दल बोलत होत्या.

मेडशीला कौसल्यामावशी अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. गाडीतून तिघी उतरल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, हातात हार. मावशींना वाटलं, शेजारी काही झालं. त्याही उठल्या आणि डोक्यावर पदर घेतला.

"कोन गेलं व बाई?" त्यांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, विशाखाच्या मावशी, कौसल्याबाई.

मावशींनी तिघींकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी त जित्ती हाव. पर आलेच हा, त बसा."

मॅडमनी वळून ज्योतीकडे पाहिलं. ज्योती तर हारामागं लपली. मावशींनी तो हार तिच्या हातातून घेतला, "फुलं वाया कायले घालता?" म्हणाल्या आणि आत जाऊन बुद्धाच्या मूर्तीला घातला. मग चूल पेटवली. आपल्याकडे तेरावं असतं तसं बौद्धांकडे पुण्यानुमोदन. मावशी म्हणाल्या, "माह्या पुण्यानुमोदनाचा चहा पिऊनच जा. मंग कोन देते न कोन नाई." निघताना तिघींच्या ओटीत शेंगा घातल्या.

इथपर्यंत ही गोष्ट मालेगावात आजही हसून सांगतात. पुढचं सांगत नाहीत. तेवढ्यात मैत्री शाळेतून आली. गल्लीच्या तोंडाशी एका पोरानं तिला सांगून टाकलं होतं, तुही आजी मेली, मोठी गाडी आली. पोरगी दप्तर रस्त्यात टाकून धावत आली. दारात परकी माणसं, डोक्यावर पदर. मावशी चूल विझवायला आत गेलेल्या, तिला दिसल्याच नाहीत. ती किंचाळली नाही, रडली नाही, उंबऱ्यातच बसली. मावशींनी तिला उचलून घेतलं तेव्हा ती त्यांचं तोंड हातांनी चाचपून बघत होती. मॅडमनी हे पाहिलं, आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

विशाखा परतीच्या गाडीत होती तेव्हा तिनं फोन सुरू केला, आणि मावशींचाच फोन आला. ती मेडशीला उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालेगावला आली ती घरी न येता थेट दवाखान्यात गेली, मॅडमच्या खोलीत, आणि उभी राहिली. त्यांनी विचारलं, "मला खोटं का सांगितलंस?"

विशाखा म्हणाली, "मी नाई सांगतलं. पर माह्या कामापाई सांगतलं गेलं, म्हनून ते माहंच हाये." आणि मग तिनं सगळं सांगितलं: कुठं गेली होती, कशासाठी, आणि हे पहिल्यांदा नव्हे.

मॅडम म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंस? विशाखा म्हणाली, "आदी सांगतलं असतं, त तुमी दुसरी सिस्टर पाह्यली असती. न तिकडची नाई लागली असती, त मी कोठी गेली असती, मॅडम?"

मॅडमनी केसपेपर पुढ्यात ओढले. त्या म्हणाल्या, जा, ड्यूटी कर.

ज्योतीशी विशाखा बरेच दिवस बोलली नाही. मला एवढंच म्हणाली, "खोट्याले पाय नसते म्हन्तात, काकू. पर माह्या पोरीपर्यंत त चालत गेलं." मॅडमही कामापुरतंच बोलत. आज काढतील, उद्या काढतील, असं वाटत विशाखा रोज जात होती. मेडशीच्या थांब्यावर मैत्रीनं विचारणंच सोडलं. नुसती हात धरून उभी राहायची. ते 'पाहू'पेक्षा वाईट होतं.

अकोल्याहून बरेच दिवस काही कळलं नाही. मग लग्नाच्या दिवसांत एकदा फोन आला. त्या चटपटीत मुलीनं मला सांगितलं, निवड जवळजवळ झाली आहे, फक्त मेट्रन आणि विश्वस्तांची भेट उरली, येत्या गुरुवारी सकाळी. दुसरा दिवस नाही, कारण विश्वस्त बाहेरगावचे. विशाखाला सांगितलं तर ती बोटांवर सिस्टर मोजू लागली. ज्योती भावाच्या लग्नाला जऊळक्याला गेली होती. जाण्याआधी तिनंच विशाखाची माफी मागितली होती आणि विशाखानंच तिला सावड दिली होती. गुरुवारी ज्योतीची ड्यूटी तीच करणार होती. तिसरी सिस्टर रजेवर, तिच्या मुलाला कांजिण्या. वॉर्ड भरलेला. सावड मागावी असं कोणी उरलंच नव्हतं.

तिनं रात्रभर काय केलं मला माहीत नाही. सकाळी येऊन म्हणाली, "काकू, येनं होत नाई म्हनून सांगून द्या." मी विचारलं, मॅडमना सांगून बघतेस का? ती म्हणाली, "कोन्या तोंडानं?" मी फोन हातात घेतला. पलीकडे कोणी उचलला नाही. मी दुपारी पुन्हा लावायचं ठरवलं, आणि खरं सांगते, दुपारी मला मुद्दाम स्वयंपाकात उशीर झाला.

तेवढ्या वेळात विशाखानं ज्योतीला फोनवर सहज सांगितलं की मी अकोल्याचं सोडलं. ज्योती भावाच्या हळदीत बसली होती. पिवळ्या हातांनीच तिनं डॉक्टर मॅडमना फोन लावला. या वेळी तिनं खरं सांगितलं.

गुरुवारी सकाळी विशाखा गणवेशात वॉर्डात उभी होती. डॉक्टर मॅडम आल्या त्या नेहमीच्या साडीत नाही, पंजाबी ड्रेसवर जुना पांढरा कोट घालून, केस घट्ट बांधून. त्यांनी विशाखाच्या हातातून रक्तदाब बघायचं यंत्र घेतलं आणि म्हणाल्या, "पावसाळ्यातली माझी सावड फिटायची राहिली आहे. आज मी फेडते. जा, गाडी चुकेल."

विशाखा काहीतरी सांगायला लागली. मॅडम म्हणाल्या, "कारण विचारायचं नाही, असा नियम आहे ना तुमचा?"

ती धावत घरी आली, साडी नेसली आणि गेली. निऱ्या मी बसून धरल्या.

अकोल्याला मेट्रननं विचारलं, तुम्ही इथं आल्याचं तुमच्या दवाखान्याला माहीत आहे का? विशाखा म्हणाली, माहीत आहे, आमच्या डॉक्टर मॅडमच माझी ड्यूटी करत आहेत. कोणाला ते खरं वाटेना. मेट्रननं तिच्यासमोरच दवाखान्याचा फोन लावला आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला मागितलं. पलीकडून आवाज आला, "मीच ड्यूटीवर आहे आज. डॉक्टर आहे मी. सलाईन लावतेय, जरा वेळानं करा." आणि फोन बंद. विश्वस्त हसले. मेट्रन हसली नाही. तिनं विचारलं, महिनाभराची मुदत लागेल ना तुम्हाला?

परतताना विशाखा मेडशीला उतरली. मैत्री शाळेत होती. वर्गाच्या दारात उभं राहून, बाईंची परवानगी घेऊन तिनं मुलीला सांगितलं, "तुही परीक्षा झाली का नेतो." वर्गातल्या पोरांना काही कळलं नाही.

महिनाभर तिनं नवीन सिस्टरला शिकवलं, रागवायचं कसं ते सुद्धा. तोवर मैत्रीची परीक्षाही आटोपली. मावशींनी मला आणि ज्योतीला जेवायला बोलावलं. पानावर वाढताना त्या म्हणाल्या, "मी मेली तवा गाडी घेऊन आल्ते. आता जित्तेपनी बी येत जा." ज्योतीच्या घशात घास अडकला आणि विशाखानं तिच्या पाठीवर थाप मारली. बऱ्याच दिवसांनी दोघी एकत्र हसल्या.

मग आम्ही थांब्यावर गेलो. लोखंडी पेटी, शेगडी, फडक्यात गुंडाळलेली मूर्ती. मैत्रीनं नवे बूट घातले होते आणि ती ते पुन्हा पुन्हा पुसत होती. गावातला एक म्हातारा काठी टेकत आला आणि सवयीनं विचारलं, "कोठी चाल्ली व विशाखा?"

ती बसली होती, ती उठून उभी राहिली.

"अकोल्याले, बाबा. नोकरी लागली. दिवसाची हाये. पोरगी संगं हाये."

एवढी सगळी माहिती तिनं थांब्यावर कधी कोणाला दिली नव्हती. गाडी आली. खिडकीतून आधी मैत्रीचा हात दिसला, मग विशाखाचा, तो मैत्रीच्या फ्रॉकला मागून धरून होता. पातूरच्या वळणापर्यंत मी पाहिलं आणि रस्ता ओलांडून मालेगावची गाडी धरली.

मागची खोली सध्या रिकामी आहे. कुकरची शिट्टी मी कधीही करते. दवाखान्यात सावड अजून चालू आहे, आणि त्यात आता डॉक्टर मॅडमही आहेत.

तुमची,
आजी